आर्मस्ट्राँगला उमजलेले हँडी

अमेरिकेत १९२५ साली ध्वनिमुद्रित झालेल्या एका गाण्यात पायपेटी वाजते. जुन्या नाटक कंपन्यांत असायची तशी, पायानं भाता मारायची पेटी. मी पेटीवाला माणूस, त्यामुळे ते गाणं माझ्या फोनवर कायम असतं. बेसी स्मिथ गाते, फ्रेड लाँगशॉ पायपेटीवर सूर धरून बसलाय आणि २३ वर्षांचा लुई आर्मस्ट्राँग तिच्या प्रत्येक ओळीनंतर कॉर्नेटवर उत्तर देतो. कॉर्नेट म्हणजे ट्रंपेटचाच आखूड, मऊ आवाजाचा भाऊ. गाण्याचं नाव 'सेंट लुईस ब्लूज', रचना डब्ल्यू. सी. हँडी यांची. तीन माणसं, तीन मिनिटं, ठेका धरणारं कुणी नाही.

परवा संध्याकाळी ते संपलं आणि फोननं आपण होऊन पुढचं गाणं लावलं. नाव तेच, वाजवणाराही तोच आर्मस्ट्राँग, पण १९५४ सालचा. हे जवळजवळ नऊ मिनिटं चालतं. तबला शिकणारा माझा पुतण्या शेजारी बसला होता. चार मिनिटं कशीबशी ऐकून म्हणाला, "काका, गाणं कुठं गेलं की ह्याच्यातलं? हा वाजवालाय की मोडालाय?"

मी त्याला सांगितलं, हा सगळा अल्बमच हँडींच्या सन्मानासाठी काढलाय. त्यावर त्याचा चेहरा आणखीच कोड्यात पडला. मान द्यायचा तर गाणं आहे तसं वाजवावं, एवढं साधं त्याचं म्हणणं. हा प्रश्न मला पेटीच्या क्लासात पालकांनीही विचारलाय, नाट्यसंगीताच्या कार्यक्रमानंतर चहा पिताना म्हाताऱ्या रसिकांनीही विचारलाय. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

शब्दाचा घोळ आधी मिटवू. अशा अल्बमला 'ट्रिब्यूट अल्बम' म्हणतात आणि आपण पटकन त्याचं 'श्रद्धांजली' करतो. श्रद्धांजली म्हटलं की हार घातलेला फोटो डोळ्यांपुढे येतो. इथं तर ज्यांना मान द्यायचा ते हँडी हयात होते. आपलं बेळगाव मराठा लाइट इन्फंट्रीच्या रेजिमेंटल सेंटरचं गाव, त्यामुळे आपल्याला 'मानवंदना' हा शब्द जवळचा. तोच वापरतो.

ही दोन माणसं कोण?

हँडींचा जन्म १८७३ चा, अलाबामा राज्यातल्या फ्लॉरेन्स गावचा. वडील धर्मोपदेशक, घरात गिटार आणली तर ती पापाची वस्तू. तरी हा मुलगा कॉर्नेट शिकला, बँडमध्ये गेला, पुढे स्वतः बँडमास्तर झाला. अमेरिकेच्या दक्षिणेतले काळे शेतमजूर जे गात होते ते, म्हणजेच ब्लूज, त्यांनी कागदावर उतरवलं, त्याला बांधीव रूप दिलं, छापलं. 'सेंट लुईस ब्लूज' १९१४ साली छापून आलं. लोक त्यांना 'ब्लूजचे जनक' म्हणू लागले. त्या पदवीबद्दल तक्रारीला जागा आहे, तिच्याकडे पुढे येतो.

आर्मस्ट्राँग १९०१ चा, न्यू ऑर्लिन्सचा. पोरवयात सुधारगृहात टाकला गेला आणि तिथल्या बँडमध्ये कॉर्नेट हातात आली. जॅझमध्ये एकट्यानं पुढे येऊन स्वतःच्या मनानं विस्तार करायचा, याला थाट मिळवून देणारा पहिला मोठा कलावंत तोच. १९५४ च्या जुलैत शिकागोत, कोलंबिया कंपनीसाठी, निर्माता जॉर्ज अवाकियन याच्या देखरेखीखाली त्यानं आपल्या संचासह हँडींच्या अकरा रचना ध्वनिमुद्रित केल्या. ट्रॉम्बोनवर ट्रमी यंग, क्लॅरिनेटवर बार्नी बिगार्ड, पियानोवर बिली काइल, गायला वेल्मा मिडल्टन आणि स्वतः लुई.

म्हणजे बँडमध्ये कॉर्नेट वाजवत मोठा झालेला एक माणूस, बँडमध्ये कॉर्नेट वाजवत मोठ्या झालेल्या दुसऱ्या माणसाला मान देत होता. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. बाहेरून आलेल्याचं कौतुक वेगळं आणि त्याच वाद्यावर ओठ सुजवून घेतलेल्याचं वेगळं.

तीनतालाची तीन आवर्तनं

आता खरी गंमत. ब्लूजचा साचा तबला शिकणाऱ्या पोराला पाच मिनिटांत कळतो.

त्यांच्याकडे चार मात्रांच्या एका खंडाला 'बार' म्हणतात. ब्लूजचं एक आवर्तन बारा बारचं. बारा चोक अठ्ठेचाळीस मात्रा. आपला तीनताल सोळा मात्रांचा, म्हणजे तीनतालाची बरोबर तीन आवर्तनं. हा नुसता हिशेबाचा योगायोग म्हणून सोडून देऊ नका, कारण ब्लूजच्या कडव्यात ओळीही तीनच असतात आणि प्रत्येक ओळीला सोळा मात्रा मिळतात. पहिली ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची आणि तिसऱ्या ओळीत तिचं उत्तर द्यायचं. मराठीत करून बघितलं तर असं काहीतरी होईल:

खानापुरात पाऊस लागला, गाडी काही आली नाही,
अगं खानापुरात पाऊस लागला, गाडी काही आली नाही,
फलाटावरच रात्र सरली, डोळ्याला डोळा लागला नाही.

हे म्हणताना हातानं तीनताल धरा. ओळीचे शब्द साधारण निम्म्या आवर्तनात संपतात. उरलेल्या आठेक मात्रा रिकाम्या. त्या रिकाम्या जागेत वाद्य बोलतं. भजनात बुवांची ओळ संपली की टाळकरी उचलतात, तसंच. १९२५ च्या रेकॉर्डवर आर्मस्ट्राँगची कॉर्नेट याच जागांत शिरते. एकदाही बेसीच्या शब्दावर पाय देत नाही.

आणखी एक गोष्ट बदलते. पहिल्या ओळीखाली आधार षड्जाचा. दुसऱ्या ओळीचे शब्द तेच, पण सुरुवातीला खालचा आधार मध्यमावर सरकतो आणि निम्म्यावर परत षड्जावर येतो. तिसरी ओळ पंचमावरून निघते आणि घरी, षड्जावर उतरते. पेटीवर डाव्या हातानं नुसते सा, म, प दाबून ठेवा आणि वर एकच ओळ दोनदा म्हणा. तेच शब्द, तोच सूर, पण दुसऱ्यांदा ते जास्त दुखतात. अशा एकत्र दाबलेल्या सुरांच्या गठ्ठ्याला 'कॉर्ड' म्हणतात. याहून जास्त तांत्रिक शब्द या लेखात लागणार नाही.

आणि गंधार! ब्लूजचा गंधार कोमलही नाही आणि शुद्धही नाही, दोहोंमध्ये कुठेतरी लोंबकळतो. जोग राग ऐकलेल्यांना दोन्ही गंधारांची चव माहीत आहे. चढताना शुद्ध, उतरताना कोमल. ब्लूजमध्ये ते एकाच श्वासात एकमेकांत मिसळतात. पेटीवर तो सूर नाही, दोन पट्ट्यांच्या मध्ये बोट घालायला जागाच नाही. म्हणून १९२५ च्या रेकॉर्डवर खाली पायपेटी आपल्या ठरलेल्या पट्ट्यांवर घट्ट बसलेली आणि वर बेसीचा गळा व लुईची कॉर्नेट त्या पट्ट्यांच्या फटीतून घसरताहेत, असं ऐकू येतं. पंडित रामभाऊ विजापुरे यांच्या गावात पेटी शिकलेल्या माणसाला हा ताण नवा नाही. गळा मींड घेतो आणि पेटीनं त्याला न बोचता साथ कशी करायची, हेच तर आम्ही जन्मभर शिकतो.

विस्तार म्हणजे मनमानी नाही

पुतण्याला जे 'मोडणं' वाटलं ते नेमकं काय असतं?

ख्यालात बंदिशीचा मुखडा येतो, मग आलाप, बोल-ताना, ताना आणि दरवेळी मुखड्यावर परत. जॅझमध्येही आधी चाल वाजते, मग एकेक वादक आपापली आवर्तनं घेऊन विस्तार करतो आणि शेवटी पुन्हा चाल. इथवर आपलं त्यांचं जमतं. फरक खालच्या जमिनीचा. आपल्याकडे तानपुरा एकाच जागी उभा असतो. जॅझमध्ये आधार चालत असतो आणि वाजवणाऱ्यानं त्याच्याबरोबर चालायचं असतं.

बेळगावहून कोल्हापूरला जाणारी एसटी डोळ्यांपुढे आणा. संकेश्वर, निपाणी, कागल, कोल्हापूर. खिडकीतून काय बघायचं, शेजाऱ्याशी काय बोलायचं, मोकळीक तुमची. पण निपाणीच्या आधी कागल येणार नाही. ब्लूज वाजवणाराही पाचव्या बारला मध्यमाच्या थांब्यावर हजर असायलाच हवा, नवव्याला पंचमाच्या. चुकला तर संचातल्या सगळ्यांना कळतं. १९५४ च्या रेकॉर्डवर चाल दिसेनाशी होते तेव्हाही खालचे थांबे हलत नाहीत. हँडींनी आखलेला रस्ता तोच असतो.

मग तीन मिनिटांची नऊ मिनिटं कशी झाली? त्याचं अर्ध उत्तर साधं आहे. १९२५ च्या तबकडीच्या एका बाजूवर साधारण तीनच मिनिटं मावायची. जास्त वेळ वाजणारी तबकडी, आपल्या घरात 'एलपी' म्हणून आली ती, कोलंबियानं १९४८ साली बाजारात आणली. बैठकीत दीड तास गाणाऱ्या आपल्या बुजुर्गांनीसुद्धा जुन्या तबकडीसाठी राग तीन मिनिटांत कोंबलाच होता की. १९५४ साली आर्मस्ट्राँगला पहिल्यांदा या गाण्यासाठी ऐसपैस जागा मिळाली आणि त्यानं ती गायकांना, ट्रॉम्बोनला, क्लॅरिनेटला वाटून दिली.

तीन कळा आणि दोन ओठ

शहापुरात लग्नाच्या बँडमध्ये ट्रंपेट वाजवणारे एक मामा आहेत. वाद्य कळावं म्हणून पुतण्याला त्यांच्याकडे घेऊन गेलो.

त्यांनी आधी ट्रंपेटचं तोंडाकडचं टोक काढून नुसतं ओठांना लावलं आणि फुंकलं. भुंगा अडकल्यासारखा आवाज आला. "आवाज हितनंच येतोय," म्हणाले ओठांवर बोट ठेवून, "नळी फक्त मोठा करतीय." सनईत पत्ती थरथरते, इथं माणसाचे ओठच पत्ती. नळी सरळ केली तर सुमारे दीड मीटर भरेल. शिवजयंतीच्या मिरवणुकीतल्या तुतारीला कळा नसतात, त्यामुळे तिला ओठांच्या ताणानं मिळतील तेवढेच मोजके सूर. ट्रंपेटला तीन कळा. कळ दाबली की हवेला जास्तीच्या नळीतून वळसा पडतो आणि सूर उतरतो. मधली कळ अर्धा सूर, पहिली एक सूर, तिसरी दीड. याच्या जोड्या लावून सगळे बारा सूर.

मग मामांनी एक कळ पूर्ण न दाबता निम्म्यावर धरली आणि कोमल गंधारावरून शुद्धाकडे घसरत गेले. मधेच थांबले. नळीत साचलेलं पाणी खालच्या चावीतून अंगणात सोडलं, ओठ पुसले आणि पुन्हा तेच करून दाखवलं. पुतण्या माझ्याकडे बघत राहिला. पेटीवर नसलेला तो सूर त्यानं पहिल्यांदा समोरासमोर ऐकला होता.

चाल बदलली तर मान कसला?

आता मूळ शंका. तिला उत्तर द्यायला मला अमेरिकेत जावं लागत नाही, सुळेभावीला जावं लागतं.

बेळगावजवळच्या सुळेभावीत ८ एप्रिल १९२४ रोजी शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळी जन्मले. जग त्यांना कुमार गंधर्व म्हणून ओळखतं. लहानपणी ते मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या ऐकून जशाच्या तशा गाऊन दाखवायचे, हरकत न् हरकत. त्या नकलेनं लोक थक्क व्हायचे, त्यातूनच 'कुमार गंधर्व' हे नाव मिळालं. हाच माणूस पुढे बालगंधर्वांची पदं घेऊन मैफल करायला बसला तेव्हा त्यानं नक्कल केली नाही. करता आली नसती असं कोण म्हणेल? त्यांनी कार्यक्रमाला नाव दिलं 'मला उमजलेले बालगंधर्व'.

'बालगंधर्वांची गाणी' असंही नाव देता आलं असतं. 'मला उमजलेले' या दोन शब्दांत त्यांनी सगळं प्रामाणिकपणे सांगून टाकलं. बालगंधर्व मोठे आहेत, ते मी नाही. पण त्यांचं गाणं माझ्यात उतरलं तेव्हा त्याचं काय झालं, ते तुमच्यापुढे ठेवतो. बालगंधर्वांची लांबवर तरंगत जाणारी ओळ आणि क्षयानं फुप्फुसं पोखरल्यानंतरची कुमारांची तुटक, झेपावणारी ओळ शेजारी ठेवून बघा. पद तेच आहे. माणूस दुसरा आहे, आणि तो ते लपवत नाही.

आर्मस्ट्राँगच्या अल्बमला मी मनातल्या मनात हेच नाव दिलंय. नक्कल करणारा मूळ गाण्याच्या कातडीला जपतो. मानवंदना देणारा त्याच्या हाडांना. कातडी कधीच तंतोतंत जमत नाही, कारण गळा वेगळा, वाद्य वेगळं, साल वेगळं. हाडं मात्र दुसऱ्याच्या शरीरातही सरळ उभी राहतात आणि रचना किती भक्कम होती याची परीक्षा तिथंच होते. माझं स्पष्ट मत असं की तंतोतंत नकलेच्या कार्यक्रमांत आपण मूळ कलावंताची आठवण काढतो, रचनेची नाही. घरी जाऊन जुनी तबकडी लावली की ती भूक भागते. रचना जिवंत आहे का, हे कळायला दुसऱ्या कुणीतरी तिच्यावर पूर्ण वजन टाकून उभं राहावं लागतं.

आणि ज्यांच्यासाठी हे केलं त्यांना ते आवडलं का? १९४३ साली न्यू यॉर्कच्या भुयारी रेल्वेच्या फलाटावरून पडल्यानंतर हँडींची दृष्टी पूर्ण गेली होती. ऐंशी वर्षांच्या या अंध म्हाताऱ्याला ते ध्वनिमुद्रण ऐकवलं गेलं आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. चाळीस वर्षांपूर्वी स्वतः लिहिलेलं गाणं, आपण लिहिलं नव्हतं अशा अंगानं त्यांना ऐकू येत होतं.

पण चाल तर लोकांचीच होती!

ही शंका जास्त टोकदार आहे आणि ती झटकून टाकू नये. हँडींनी ब्लूज 'शोधला' नाही. ते स्वतः सांगत की १९०३ च्या सुमारास मिसिसिपीतल्या टटवायलर स्टेशनवर उशीर झालेल्या गाडीची वाट बघत ते पेंगत होते, तेव्हा शेजारी फाटक्या कपड्यांतला एक माणूस गिटारच्या तारांवर सुरी दाबून घसरवत गात होता. ओळ एकच, तीनदा. दोन रेल्वेलाइनी जिथं एकमेकींना छेदतात तिथं मी चाललोय, एवढाच तिचा अर्थ. आपल्याकडचा कुणी 'मी लोंढा जंक्शनला चाललो' एवढंच रात्रभर गात बसावा तसं. ते गाणं हँडींच्या डोक्यातून गेलं नाही. 'येलो डॉग ब्लूज' या त्यांच्या रचनेत ती रेल्वेची ओळ आहे आणि १९५४ च्या अल्बमवर ती रचनाही आहे. फलाटावरच्या त्या माणसाचं नाव मात्र कुठेच नाही.

हे मला टोचतं. पण म्हणून हँडी चोर ठरतात का? अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्याच जिल्ह्यातले, गुर्लहोसूरचे. १८८० मध्ये त्यांचं 'शाकुंतल' रंगभूमीवर आलं आणि मराठी संगीत नाटक उभं राहिलं. त्यातल्या कितीतरी चाली कानडी मुलखातून, कीर्तनांतून, लोकांच्या तोंडून आलेल्या. जुन्या नाटकाच्या पुस्तकात पदाच्या डोक्यावर 'चाल' म्हणून मूळ गाण्याची पहिली ओळ छापलेली असते. कुठून उचललं हे उघड सांगायची ती पद्धत मला आजही आदर्श वाटते. कानडीतली चाल मराठीत आली तेव्हा ती नाटकातल्या प्रसंगाला बांधली गेली, तिला शब्दांचं वजन मिळालं. घेणं आणि घडवणं यांत हात फिरतो, तो रचनाकाराचा हात.

हँडींचा हात बघायचा असेल तर 'सेंट लुईस ब्लूज' पुरे. बारा बारची कडवी चालू असताना मध्येच टँगोच्या लयीतला, कोमल गंधाराचा सोळा बारचा भाग येतो आणि पुन्हा ब्लूज. ही जोडणी स्टेशनवर सापडलेली नव्हती.

मग रिमिक्सनं काय घोडं मारलं?

कुणी म्हणेल, जुन्या गाण्याखाली धडधडता ठेका टाकणारेही 'आम्ही मान देतो' असंच म्हणतात. फरक कानाला कळतो. तिथं मूळ मुखडा तेवढा उचललेला असतो, अंतरा बहुधा गायब, आणि गाण्याच्या आधाराच्या थांब्यांशी कुणाला देणंघेणं नसतं. ओळखीच्या चेहऱ्यावर माल खपवायचा असतो. आर्मस्ट्राँगनं उलट केलं. चेहरा बदलला आणि आतलं सगळं शाबूत ठेवलं.

पैशाचं थोडक्यात. 'मेम्फिस ब्लूज' या आपल्या रचनेचे हक्क हँडींनी १९१२ साली ५० डॉलरना विकून टाकले. गाणं गाजलं, पैसा दुसऱ्यांच्या घरी गेला. त्यातून शहाणे होऊन त्यांनी हॅरी पेसच्या भागीदारीत स्वतःची प्रकाशनसंस्था चालवली आणि 'सेंट लुईस ब्लूज' तिथूनच काढलं, त्यामुळे पुढे जगभर ते वाजलं तेव्हा हँडींच्या घरी पैसे आले. आपल्याकडे रचनाकाराचा हक्क हयातभर आणि मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. २०१२ च्या कायदादुरुस्तीनुसार पहिल्या ध्वनिमुद्रणानंतर पाच वर्षं उलटली की आगाऊ सूचना देऊन आणि ठरलेला मोबदला भरून नवी आवृत्ती काढता येते, पण तांत्रिक गरजेपलीकडचा बदल करायचा तर मालकाची संमती लागते. बेळगावातल्या कुणा तरुणाला एखाद्या हयात संगीतकाराची गाणी जॅझच्या अंगानं करायची असतील तर आधी पत्र लिहावं लागेल. त्यात अपमान काही नाही. तो त्याच मानवंदनेचा पहिला भाग समजावा.

सगळे असंच करतात का?

नाही. ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिसनं १९५८ साली गिल एव्हान्सच्या वाद्यवृंदाबरोबर जॉर्ज गर्शविनच्या 'पोर्गी अँड बेस' या ऑपेराचा अल्बम ध्वनिमुद्रित केला. त्यात शब्दच काढून टाकले, गायकांच्या सगळ्या जागा ट्रंपेटनं घेतल्या. दुसरा ट्रंपेटवादक टेरेन्स ब्लँचर्ड, त्यानं २०२१ मध्ये सॅक्सोफोनवादक आणि संगीतकार वेन शॉर्टर यांच्यासाठी 'ॲबसेन्स' काढला तो आणखी वेगळा. शॉर्टर यांच्या काही रचना आणि शेजारी त्यांच्या विचारानं भारलेल्या स्वतःच्या संचाच्या नव्या रचना, सोबत चार तंतुवाद्यांचा गट. शॉर्टर तेव्हा हयात होते, २०२३ च्या मार्चमध्ये गेले. मला ब्लँचर्डचा मार्ग जास्त धाडसाचा वाटतो. जास्त गोड मात्र आर्मस्ट्राँगच.

घरी बसून ऐकायचं तर

आधी १९२५ चं ऐका. पायपेटीवर कान ठेवा आणि आधार कुठे सरकतो तेवढंच पकडा. मग हातानं तीनताल धरून पुन्हा ऐका. लय संथ आहे, घाई करू नका. तीन आवर्तनं झाली की एक कडवं पूर्ण व्हायला हवं. टँगोच्या सोळा बारच्या भागात तीनऐवजी चार आवर्तनं भरतील, तिथं गोंधळू नका. हे अंगवळणी पडल्यावरच १९५४ चं लावा.

पुतण्यानं तसं केलं. पहिल्यांदा ट्रॉम्बोनच्या आवर्तनात त्याचा हात चुकला, दुसऱ्यांदा वेल्माच्या गाण्यात. तिसऱ्यांदा मात्र सगळा संच एकदम वाजवत असताना त्याची टाळी बरोबर समेवर पडली. तो काही बोलला नाही, फक्त गाणं थोडं मागे घेतलं आणि तीच जागा पुन्हा लावली. रविवारी त्यानं ते मामांनाही ऐकवलं. मामांनी डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं, मग विचारलं, "ह्यातलं त्ये मधलं, घसरत येतंय बघ, त्ये कुठल्या पट्टीत हाय?" आणि उत्तराची वाट न बघता ट्रंपेट पेटीतून बाहेर काढायला उठले.